पाणी आलं काय?

(एका वाचक ताईंचं पत्र आलंय. चार पानी होतं, थोडक्यात देते. कॉलनीचं नाव गाळलंय. बेळगाव लहान आहे, दोन खुणा सांगितल्या की तिसरी लोक स्वतःच जोडतात.)

माझं वय त्रेचाळीस. माहेर-सासर दोन्ही बेळगावच्याच वडगावात, दोन्ही घरी माग. यजमान उद्यमबागेत आधी दुसऱ्याकडं लेथवर होते, पुढं स्वतःचं वर्कशॉप काढलं, देवाच्या दयेनं चाललं. दीड वर्षापूर्वी आम्ही एका नावाजलेल्या कॉलनीत तयार बंगला विकत घेतला. वडगावातल्या तीन खोल्या आता दिरांकडं आहेत. इथं सगळं आहे, खरं माणूस नाही. शेजारच्या बाईंशी आजवर एकदाच बोलणं झालं, तेही त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी आमच्या गेटसमोर लावली म्हणून. सासूबाई रोज संध्याकाळी गेटच्या आत खुर्ची टाकून बसतात आणि गाडी गेल्याचा आवाज आला की हात वर करतात. परवा म्हणाल्या, "घर मोठं झालं ग, खरं बोलायचं कुणाशी?" मुलगी आठवीत आहे, ती मैत्रिणींना वडगावचं नाव सांगत नाही. घरकामाला येणारी बाई माझ्याच शाळेतली, माझ्याच बाकावरची. ती मला नावानं हाक मारते, चहा आम्ही एकत्र घेतो. कॉलनीतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "असं केलंत तर उद्या आमच्याकडच्या पण बसायला मागतील." आम्ही इथले नाही असं वाटतं. बंगला विकून परत जाऊ म्हणते, यजमान ऐकत नाहीत. काय करू?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वर दिलं नाही, कारण त्याच्याविषयीच बोलायचं होतं. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, "इथं कुणी 'पाणी आलं काय' एवढंसुद्धा विचारत नाही." वाचून आधी हसू आलं. मग चहा गार होईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

मी शहापूरची. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, इथं ज्यांचं लहानपण गेलं त्यांना या तीन शब्दांचा अर्थ सांगायला नको. राकसकोप धरणाचं पाणी असो की हिडकलचं, ते कधी सुटेल ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. नळातून पहिली फुस्स हवा आली की एक घर जागं व्हायचं आणि त्या घरानं गल्ली जागी करायची. नाही केली तर महिनाभर बोलणी. पहाटेच्या त्या तासाभरात कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा माग थांबला, कुणाच्या बाळाला ताप आहे, सगळं कळायचं. भांडणंही तिथंच. माझ्या आईनं आणि समोरच्या काकूंनी एका पाइपवरून सात महिने अबोला धरला होता. त्या सात महिन्यांतही पाणी आलं की काकू आमच्या कडीवर पळी आपटून जायच्या. तोंडातून शब्द नाही, नुसती पळी.

आता तुमचा बंगला बघा. बोअर आहे, जमिनीखाली पाण्याचा संप आहे, वर टाकी, टाकी भरली की पंप आपोआप बंद. शहराच्या काही प्रभागांत तर चोवीस तास पाणी येऊन पंधरा वर्षं होऊन गेली. पाणी कधी आलं हे तुम्हालाच कळत नाही, मग शेजारीण विचारणार कुणाला? तुमच्या शेजारच्या बाई तुसड्या असतीलही, मी त्यांना पाहिलेलं नाही. खरं त्या चांगल्या असत्या तरी तुमच्या दारात यायचं त्यांना कारण काय? साखर संपली तर मोबाइलवर मागवतात. मूल आजारी पडलं तर गाडी दारात आहे. फ्यूज गेला तर माणूस येतो. पैसा आला की आपण पहिल्यांदा हेच विकत घेतो, कुणाकडं काही मागायला लागू नये याची सोय. आणि मग दीड वर्षानं वाटायला लागतं की कुणी आपल्याकडं येत नाही. तुम्हीही त्यांच्याकडं गेला नाहीत, ताई. पत्रात तसं कुठं दिसलं नाही, म्हणून विचारते, गेला होता का कधी?

"आम्ही इथले नाही" हे मात्र मला पटत नाही. इथलं म्हणजे कोण? कॅम्पची गोष्ट वेगळी, तो लष्कराचा. बाकीच्या आपल्या या मोठ्या वसाहती कालच्या आहेत. जुनी माणसं टिळकवाडीला अजून ठळकवाडी म्हणतात. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं ते तिथल्या मोकळ्या जागेत, आणि जमलेल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून विहीर खणावी लागली. ती काँग्रेस विहीर अजून आहे, वीरसौध स्मारकाजवळ. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आजच्या त्या महागड्या जमिनीवर पाण्याची सोय आधी करून मग माणसं बोलवावी लागली! हिंदवाडी, भाग्यनगर, हनुमाननगर, सदाशिवनगर, कुठल्याही गेटवर टकटक करा. आजोबा गणपत गल्लीतले निघतील, नाहीतर खानापूरचे, चंदगडचे, गोव्याचे, किंवा वडील धारवाड-विजापूरकडून बदलीवर आलेले. तुमच्या आधी दहा-वीस वर्षं आलेत, इतकाच फरक. ज्या बाईंनी तुम्हाला बाजूला घेऊन शिकवलं ना, त्यांनाही कुणीतरी असंच बाजूला घेतलेलं असणार. नवीन आलेल्यालाच नियम सगळ्यांत पाठ असतात.

मी तीस वर्षांपूर्वी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहायला आले तेव्हा पहिली दोन वर्षं रस्त्यावर मोठ्यानं हाक मारायलाही घाबरायची. भाजीवाला पुढं गेला तर जाऊ दे, ओरडायचं नाही. नवऱ्याला भाजी का नाही याची वेगवेगळी कारणं सांगायची.

आता परत जाण्याविषयी. कुठं परत जायचं ते आधी ठरवू या. तुमच्या डोळ्यांसमोर जे वडगाव आहे ते तुमच्या लग्नाच्या वेळचं आहे. गेल्या महिन्यात मी आमच्या जुन्या गल्लीत संध्याकाळी गेले होते. कट्टे तेच, खरं निम्म्यांवर ग्रिल बसलेत आणि आत स्कूटर लावल्यात. पोरं पुण्यात, बेंगळूरात. तीन घरांना कुलूप. बायका आत सिरियल बघत होत्या. मला बघून बाहेर आल्या, प्रेमानं बोलल्या, आणि जाहिराती संपल्यावर आत गेल्या. मागाचा आवाज एकाच घरातून येत होता.

आणि तुम्ही बाहेर का पडलात तेही तुमच्याच पत्रात आहे. २०१९ च्या पावसात घरात गुडघाभर पाणी आलं, मागाच्या खड्ड्यातून दोन दिवस उपसत होता. मुलगी क्लासहून किती वाजता येते ते समोरची म्हातारी मोजायची आणि तुम्हाला ऐकवायची. सासूबाईंना रात्री संडासला जाताना दोन पायऱ्या उतरायला लागायच्या. हे तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलंत आणि चौथ्या पानावर विसरलात. गल्लीत माणूस एकटा पडत नाही, ते कबूल. त्याला एकटं राहूही देत नाहीत. तुमच्या मुलीला हे बहुतेक तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल.

पैशाची बाजू एका दमात सांगते. बंगला घेताना भरलेली मुद्रांक आणि नोंदणीची रक्कम विकताना परत येत नाही. शिवाय खरेदीला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत विकलात तर होणारा नफा अल्पमुदतीचा धरतात आणि तो तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून कर लागतो. तेव्हा विकायचंच असलं तरी निदान सहा महिने थांबा आणि सीएला विचारा. ते सहा महिने वाट बघत बसू नका, पुढं सांगते ते करून बघा. तरीही जीव रमला नाही तर विका, मी आडवी येणार नाही. आणि तेव्हासुद्धा दिरांच्या तीन खोल्यांत सगळ्यांनी शिरण्यापेक्षा वडगाव-अनगोळच्या बाजूला भाड्यानं वर्षभर राहून बघणं शहाणपणाचं. यजमानांना "विकू या" म्हणालात तर त्यांच्या वीस वर्षांच्या कष्टाला नाव ठेवल्यासारखं वाटतं. "आईंना इथं करमत नाही, काय करू या" असं विचारा. आई त्यांची आहे.

पहिलं काम विरजण. हसू नका. घरातलं दही एक दिवस सगळं संपवा आणि संध्याकाळी वाटी घेऊन शेजारी जा. काही देऊ नका. बहुतेक नवीन लोक कुंद्यासारख्या मिठाईचा बॉक्स घेऊन जातात; तो दारातच घेतला जातो, "अय्यो, कशाला" म्हणतात आणि परतफेडीची काळजी सुरू होते. मागायला गेलेल्या माणसाला मात्र आत बोलवावं लागतं, कारण दही फ्रिजमध्ये असतं. मागणाऱ्याचा हात खाली असतो, म्हणून देणाऱ्याला आपण मोठं झाल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी "लागलं काय दही?" हे विचारायला त्यांच्याकडं कारण राहतं. पाकीटबंद दही मिळत असताना हे नाटक वाटेल. थोडं आहेच.

शेजारी कानडी असतील, आणि मला वाटतं आहेत, कारण तुम्ही "त्यांच्यात बोलतात" असं लिहिलंय. मग अर्धं कोडं तिथंच आहे. गल्लीत मराठीवर सगळं भागत होतं. इथं त्यांना वाटतं तुम्हाला कानडी बोलायचं नाही, तुम्हाला वाटतं त्यांना मराठी बोलायचं नाही, आणि दोघीही वर्तमानपत्रातलं भांडण मनात धरून कंपाउंडच्या दोन बाजूंना कपडे वाळत घालता. राज्योत्सवाचा आणि काळ्या दिवसाचा एक नोव्हेंबर वर्षातून एकदा येतो, कपडे रोज वाळतात. "ऊटा आतेन्री?", म्हणजे जेवण झालं काय, एवढं म्हणा. पुढचं त्या मराठीतच बोलतील, बेळगावात जन्म गेला असेल तर तुमच्यापेक्षा बरं बोलतील.

दुसरं, गेट. तुमचं गेट खालपासून वरपर्यंत पत्र्याचं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग सासूबाई हात वर करतात तो कुणाला दिसतो? मी चारदा वाचलं ते. ती बाई दीड वर्ष पत्र्याला हात करतेय. खालचा पत्रा राहू दे, कुत्री शिरतात, खरं वरचा काढून गज बसवून घ्या. वर्कशॉप यजमानांचं आहे, वेल्डिंगला बाहेर जायचीही गरज नाही. आणि जमलं तर कंपाउंडची भिंत गेटपाशी चार हात आत घेऊन आपल्याच हद्दीत एक कडाप्प्याचा कट्टा बांधा, तोंड रस्त्याकडं. महापालिकेच्या गटारीवर नको, उद्या कुणी तक्रार करील. सकाळी फिरून येणारी म्हातारी माणसं प्रत्येक कॉलनीत असतात, व्हॅक्सिन डेपोला दोन फेऱ्या मारून परतताना त्यांचे गुडघे बोलायला लागतात. बसायला सावलीत दगड दिसला की ती बसतात, कुणाचा आहे ते नंतर विचारतात. आमच्या रस्त्यावर एका डॉक्टरांनी असा कट्टा केला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. आता तिथं सकाळी जागा मिळत नाही, आणि डॉक्टर बिचारे स्वतः उभे असतात.

सासूबाईंना आठवड्यातून एक दिवस वडगावात सोडा. मुक्कामाला म्हणाल्या तर राहू दे. त्यांना "आता आपलं घर इथं" असं शिकवत बसू नका. पंच्याहत्तरीत माणसाचं घर बदलत नाही, पत्ता बदलतो. गाडीनंच सोडायला पाहिजे असंही नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमधून बायकांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत, आधार कार्ड दाखवलं की झालं. सोबतीला नातीला पाठवा. ती कुरकुर करील. करू दे.

आता तुमची मैत्रीण. खरं सांगायचं तर पत्रातली सगळ्यांत अवघड गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती सगळ्यांत कमी ओळींत लिहिलीत.

चहा एकत्र घेताय ते थांबवू नका. "आमच्याकडच्या पण बसायला मागतील" म्हणणाऱ्या बाईंना हसून "मागू देत की" म्हणा आणि विषय बदला. त्यांच्याशी वाद घालून त्यांना काही पटणार नाही, तुमचा मात्र दिवस जाईल. खरं माझी शंका वेगळी आहे. तुम्ही लिहिता, "ती आली की मला बरं वाटतं, मी परत वडगावात असल्यासारखं." तुम्हाला बरं वाटतं. तिला? एका बाकावर बसलेल्या दोघींतली एक आता दुसरीची कढई घासते. ती नावानं हाक मारते ती लहानपणच्या हक्कानं, की तुम्हाला तसंच आवडतं हे ओळखून, हे तुम्ही विचारलंय का? कदाचित तुम्ही चहाला बसवता तेव्हा तिच्या पुढच्या दोन घरांना उशीर होत असेल आणि मैत्रिणीला कसं सांगू म्हणून ती गप्प बसत असेल. आमच्याकडं अशीच एक जण होती. सहा वर्षं मी तिला रोज जेवायला बसवलं आणि स्वतःचं कौतुक करून घेतलं. काम सोडताना ती म्हणाली, "वहिनी, जेवण चांगलं होतं तुमचं, खरं पगार सहा वर्षांत दोनदाच वाढला." मी त्या दिवशी कुणाशी बोलले नाही.

म्हणून मैत्री आणि पगार वेगळे ठेवा. आठवड्याची एक सुट्टी पक्की. तुम्ही गावाला गेलात तरी महिना पुरा. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात वाढ, तिनं मागायच्या आधी. दिवाळीला पगाराएवढा बोनस, जुन्या साड्या नव्हेत. तिचं ई-श्रम कार्ड आहे का बघा. सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगारांना ते निघतं, आधार आणि बँकेचं खातं लागतं. बँकेतूनच वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तो अर्ज तुम्ही तिच्याबरोबर जाऊन भरा. आणि एकदा, कामाच्या वेळेत नव्हे, तिच्या घरी जा. चहा तिच्या कट्ट्यावर घ्या. हाक कशी मारायची ते तिथं बसल्यावर दोघींना आपोआप कळेल.

मुलीला रागावू नका. तेराव्या वर्षी मी शहापूरऐवजी "गोवावेसच्या जवळ" असं सांगायची, आणि जवळ म्हणजे चांगलं अर्ध्या तासाचं चालणं होतं. आज मी सदरात चारदा शहापूर लिहिलं. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की तुमची मैत्रीण तुम्हाला नावानं हाक मारील, ते मुलीच्या कानावर पडेल, ती लाजेल. तेव्हा तुम्ही काय करता ते ती बघणार आहे. मागाची एक पट्टी, धोटा, काहीतरी घरात असेलच माळ्यावर. बाहेरच्या खोलीत शोभेला टांगू नका, ते या कॉलन्यांचं खूळ आहे. तिच्या हातात द्या आणि सासूबाईंना सांगू दे तो कसा फेकायचा.

आषाढ आलाच. मंगाई देवीच्या यात्रेला वडगावात घरोघरी पाहुणे जेवायला असतात, तुमच्या दिरांकडंही असणार. यंदा कॉलनीतल्या दोन घरांना तिथं घेऊन जा. बंगल्यावर नको, वडगावातच, तीन खोल्यांत, जमिनीवर पंगत. कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवू नका. सासूबाई दीड वर्ष त्या गेटजवळ बसल्यात, कुठली गाडी किती वाजता येते ते आवाजावरून त्यांना पाठ असेल. त्यांनाच विचारा, कोणती दोन घरं. आणि ज्या बाईंनी तुम्हाला बाजूला घेतलं होतं त्यांचं नाव त्यांनी सांगितलं, तर तोंड वाकडं करू नका.